थोडं बेसूर चालेल

पालकसभेत हे सगळं बोलायचं मनात होतं. पण सभेचा तास रिक्षावाल्या काकांची वेळ, डब्यातलं फरसाण आणि गॅदरिंगचे कपडे यांतच संपतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून लिहून देते आहे. घरी निवांत वाचा, जमलं तर दोघांनी मिळून.

पेटीपासून सुरुवात करते. आपल्या वर्गातल्या पेटीची एक पट्टी मुकी आहे. मधल्या सप्तकातली पांढरी सहा. दाबली की सूर येत नाही, फुस्स करून नुसता वारा येतो. दोघातिघांनी मला फाटकापाशी थांबवून विचारलं, "ताई, दुरुस्तीला किती येतील? आम्ही वर्गणी काढतो." त्यांचे मनापासून आभार. पण ती पट्टी मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा आपल्या वर्गात माझ्या खांद्याला लागेल एवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर लाकडी ठोकळे फुगलेले, चित्रांच्या पुस्तकांचा लगदा झालेला आणि सगळ्यावर चिखलाचा मऊ थर. पेटी कपाटाच्या डोक्यावर होती म्हणून बुडाली नाही. पण त्या दमट खोलीत राहून तिच्या भात्याच्या घड्या सुटल्या होत्या, पितळेच्या सुरांवर हिरवट राप चढला होता. मी ती मिरजेला नेली. कारागिरांनी एकेक सूर काढून साफ केला, भाता नवा चढवला. पांढरी सहाचा सूर मात्र वाचला नाही. त्याच्या जागी दुसरा बसवला, तोही दिवाळीच्या आत मुका झाला. पेटी एकेरी सुरांची, त्यामुळे त्याची बाजू सावरायला शेजारी जोडीदारही नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी नेहमीचं गाणं धरलं. आपल्याकडे सा पांढरी दोनचा. तो धरला की पांढरी सहा म्हणजे पंचम, षड्जाच्या खालोखाल मानाचा सूर. गाणं त्या जागेवर आलं आणि पेटीनं फुस्स केलं. क्षणभर सगळी गप्प. मग बावीसच्या बावीस मुलांनी तो पंचम गळ्यातून लावला, दणकून, आणि हसून लोळली. "ताई, परत!" त्या दिवशी ते गाणं आम्ही सात वेळा म्हटलं. तेव्हापासून ती जागा मुलांची. माझं बोट पांढऱ्या सहावर जायला लागलं की त्यांचे डोळे मोठे होतात, छात्या फुगतात. जूनमध्ये आलेली नवी मुलंही दोनतीन आठवड्यांत ही जागा ओळखायला लागतात. मी कुणाला शिकवलेलं नाही.

तुमच्यातले गाणं शिकलेले म्हणतील, मग पट्टी बदला की, काळी एकवर जा. ती का बदलत नाही तेही सांगते. पण त्यासाठी जरा मिरजेहून यावं लागेल.

माझं माहेर मिरजेचं. वडील रेल्वेत. त्या काळी मिरज जंक्शनात तिन्ही मापांचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरची मोठी गाडी, बेळगावकडची मीटर गेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी ती इवलीशी नॅरो गेज. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या रुळांच्या सांध्यांवरच्या खटखटीवरून कुठली गाडी चालली आहे ते मला कळायचं. मोठी गाडी घाईची, छोटी गाडी डुलत डुलत, वारकऱ्याच्या चालीनं. लय हा शब्द मला फार नंतर कळला, गाड्या आधी कळल्या.

शाळेची वाट सतारमेकर गल्लीवरून जायची. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे सतारी आणि तानपुरे करायला घेतले, ते आजतागायत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरातली ती बातमी मी कापून ठेवली. छताला टांगलेले भोपळे, तुणाच्या लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. पण मी थांबायची ती जवारी लावतात ते बघायला. बघायला म्हणजे ऐकायला. घोडीची पाठ जरा घासायची, तार छेडायची. ठक्क. पुन्हा घासायची, पुन्हा छेडायची. पुन्हा ठक्क. असा अर्धा तास जायचा, आणि मग कुठल्या तरी एका घासण्यानंतर ती तार एकदम बोलायला लागायची, आतून मधमाश्या उठाव्यात तशी. तिथले चाचा आमच्याकडे बघून भुवई उडवायचे, म्हणजे, ऐकलंत का? आम्ही माना डोलवायचो आणि शाळेला उशीर व्हायचा.

उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात रात्रभर गाणं असे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांच्या स्मरणार्थ गावोगावचे गवई तिथे हजेरी लावायला येत. वडील मला मांडीवर घेऊन बसत. खरं सांगते, मी एकही गाणं पुरं ऐकलेलं नाही. दुसऱ्याच आलापाला झोपायची. पण झोपेत ऐकलेलंही कुठे तरी उतरत असावं. आजी ओव्या म्हणायची. पीठ चक्कीवर दळून यायला लागलं होतं, पण मेतकुटाला तिला जातंच लागे आणि जात्याला ओवी लागे. "तू गातेस?" असं विचारलं की ती म्हणायची, "गाते कसली, दळते." महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी मोठेपणी वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. त्यातल्या किती जणींनी स्वतःला गाणारी म्हणवून घेतलं असेल?

एवढं सगळं कानावर पडत वाढलेली मी तिसरीत पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले. स्वागतगीत होतं. तालमीत बाई ओळीतून कान देत फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच, अगदी प्रेमानं म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं. आवाज काढू नकोस." मला मागच्या रांगेत घेतलं. फोटोत माझं तोंड उघडं दिसतं. आईनं तो फोटो आल्यागेल्याला दाखवला, "आमची गाते बघा."

त्यानंतर दहाएक वर्षं मी माणसांसमोर गायले नाही. विहिरीवर, न्हाणीघरात, सायकलवर गायले. त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांना कार्यक्रम चांगला करायचा होता. पण इतकं हळू, इतक्या गोड आवाजात बोललेलं वाक्य किती वर्षं टिकतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

माझं तोंड उघडलं ते शेजारच्या पेटीवाल्या काकांमुळे. त्यांच्या उजव्या हाताची बोटं चालायची पण डावा खांदा दुखायचा, म्हणून भाता मारायला त्यांना कुणीतरी हवं असे. मी बसायची. ते वाजवायचे, मी भाता ओढायची आणि ओठ मिटून गुणगुणायची. सहाएक महिन्यांनी ते एकदा म्हणाले, "तू गुणगुणतेस ते ऐकू येतं मला. असू दे." एवढंच. पुढे मी रीतसर शिकले, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत एकेक परीक्षा दिली. मिरजेत ते सोपं होतं. दृष्टी अधू झाली म्हणून मिरजेत बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला आलेल्या कुरुंदवाडच्या मुलानं पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ही विष्णू दिगंबर पलुस्करांची गोष्ट आमच्याकडे शेजारच्या घरातली असल्यासारखी सांगतात. लग्न होऊन मी सांगलीत आले, बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स केला आणि विशारदचं प्रमाणपत्र घेऊन या वर्गात पाऊल टाकलं.

पहिलं वर्ष पार वाया गेलं. माझं, मुलांचं नव्हे. ती आपापली खेळली. मला वाटलं होतं, आपण विशारद, आपण मुलांना सा रे ग म पासून नीट, पायाशुद्ध शिकवू. तीन वर्षांची मुलं मांडी घालून बसवली आणि अलंकार घ्यायला लागले. चौथ्या दिवशी एकानं पेटीच्या मागच्या भोकातून मूठभर वाळू आत सोडली. त्याचं मला आता कौतुक वाटतं, त्या दिवशी वाटलं नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे मुलं मला बेसूर वाटायला लागली. मी माझ्या सवयीच्या पट्टीत गायची, काळी चार, खालच्या अंगाची. मुलं माझ्याबरोबर म्हणायची ती घोगऱ्या आवाजात, शब्द नुसते बोलल्यासारखे. दोनतीन मुलं तर एकाच सुरात गुरगुरायची. एक दिवस तर माझ्या तोंडून ते वाक्य निघणारच होतं. ओठांपर्यंत आलं होतं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी पायरीवर बसले होते. अंगणात त्या गुरगुरणाऱ्यांतलीच एक मुलगी झोपाळ्यावरून मैत्रिणीला हाक मारत होती. "ए मऽऽनू!" वरून खाली येणारे दोन सूर. स्वच्छ, टाचणीसारखे. मी मनात ताडून बघितलं, पंचम आणि गंधार. दर हाकेला तेच. मग पलीकडून मनूनं उत्तर दिलं, तेही त्याच दोन सुरांत. तुम्ही आज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून ऐका. खाली खेळणारी पोरं एकमेकांना बोलावतात ती बहुतेक याच दोन सुरांत. चिडवतातही यातच. कुणी शिकवत नाही.

मी आत गेले, पेटी उघडली आणि ती हाक कुठल्या पट्टीत होती ते शोधलं. माझ्या पट्टीच्या कितीतरी वर. तीनचार वर्षांच्या मुलाचा गळा जिथे आरामात चालतो ती जागा साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा, एवढीच. पाचसहा सूर. खाली गेलं की त्यांचं बोलणं होतं, फार वर गेलं की किंचाळणं. मी त्यांना विहिरीत उतरवून पोहायला सांगत होते. दुसऱ्या दिवशी सा पांढरी दोनवर नेला. सगळी गायला लागली असं नाही, पण गुरगुर थांबली. काळी एक त्याहून अर्धा सूर खाली. तुम्हाला तेवढा काही वाटणार नाही, आपल्या घोगऱ्या आवाजाच्या मुलांना वाटतो. म्हणून पट्टी बदलत नाही. अधूनमधून मनात येतं, तिसरीतल्या त्या स्वागतगीताची पट्टी कुठली होती? पेटीवर सातवीच्या मुली बसल्या होत्या, एवढं आठवतं.

तेव्हा पहिली विनंती ही की, मूल बेसूर आहे असं घरात म्हणू नका. थट्टेतसुद्धा नको, आत्याच्या देखत तर नकोच. गाणं बसतं तेही क्रमानं बसतं. आधी शब्द येतात. मग चाल कुठे वर जाते, कुठे खाली, याचा अंदाज येतो. नेमके सूर सगळ्यांत शेवटी. एका पट्टीत सुरू केलेलं गाणं त्याच पट्टीत संपवणं पाचसहा वर्षांपर्यंत पुष्कळांना जमत नाही आणि ते जमत नाही यात बिघडलेलं काही नाही. बोबडं बोलणाऱ्याला आपण अशुद्ध म्हणतो का? उलट फोनवर नातेवाइकांना ऐकवतो.

लयीचंही तसंच. लहान मुलाची स्वतःची लय आपल्यापेक्षा जलद असते. तुम्ही बोट धरून बाजारात नेता तेव्हा ते दुडकत चालतं, ते उगाच नाही. टाळी वाजवताना ते पुढे पळालं तर त्याला ओढून मागे आणू नका, तुम्हीच जरा पळा. एखाद दिवशी पळून बघा, दम लागतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे एक मुलगी होती, वर्षभर एकाच सुरात म्हणणारी. पट्टी बदलून पाहिली, काही फरक नाही. शेवटी मी तिला शांततेच्या खेळात पाहिलं. हा खेळ माँटेसरीबाईंचा. सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, मी मागून कुजबुजत एकेकाचं नाव घेते, नाव ऐकू आलं की उठून पाय न वाजवता माझ्याकडे यायचं. तिचं नाव मी चार वेळा घेतलं. ती बसून राहिली, सगळ्यांत शेवटी, एकटी. सर्दी तिला कायमचीच. कानाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर पडद्यामागे पाणी साठलेलं. उपचार झाले, आणि तिनं गाण्याआधी पहिली तक्रार केली ती घरच्या मिक्सरची. तेव्हा सततची सर्दी, टीव्हीचा आवाज वाढवणं, दोनदोनदा "काय?" विचारणं असेल तर गाण्याच्या क्लासआधी कान दाखवा.

या खेळाविषयी अजून थोडं लिहिते, कारण तुम्हाला वाटतं आम्ही गाण्याच्या तासाला गातच असतो. अर्धा वेळ आम्ही गप्प असतो. शांत झालं की मुलांना काय काय ऐकू येतं ते सांगायचं. पंखा. कबुतर. शेजारच्या काकूंचं पोळपाट-लाटणं. लांबची गाडी. परवा एकजण म्हणाला, "ताई, माझ्या पोटात कोणीतरी बोललं." हसलो, पण खरंच होतं, जेवायची वेळ झाली होती. कपाटात त्या बारा डब्या तुम्ही पाहिल्या असतील. दोनदोन डब्यांत सारखं धान्य आहे, रवा, तांदूळ, वाल, चिंचोके, असं. हलवून, कानाशी धरून जोड्या लावायच्या. याचं विकत मिळणारं साहित्य महाग असतं. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला, कोसबाडला बालवाड्या चालवल्या तेव्हा शिंपले, बिया, खडे, जे आसपास मिळेल त्यातून साधनं केली. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं ते काम आमच्या कोर्सला अभ्यासाला होतं. परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरले. वाळूवाल्या मुलानंतर पुन्हा काढून वाचलं.

आता तुमचा लाडका प्रश्न. "ताई, गाण्याच्या क्लासला घालू का? गाण्यानं बुद्धी वाढते म्हणे."

हे 'म्हणे' कुठून आलं ते सांगते. १९९३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचं एक टिपण आलं. छत्तीस विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची एक रचना ऐकवली, नंतर आकृत्यांची काही कोडी घातली. ती त्यांना जरा बरी सुटली, आणि तो परिणाम दहापंधरा मिनिटांत ओसरला. ते विद्यार्थी कॉलेजातले होते. बाळाचा त्यात काही संबंधच नव्हता. पण बातमी पसरता पसरता इतकी फुगली की १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. आपल्याकडे त्याची रूपं वेगळी असतात इतकंच. कुणी गर्भसंस्काराचा संच आणतं, कुणी झोपलेल्या पोराच्या उशाशी फोनवर राग लावून ठेवतं. ऐकवा, बिघडत काही नाही. पण गणितात मार्क पडावेत म्हणून ऐकवणार असाल तर मला त्या रागाची कीव येते.

क्लासचं माझं मत विचाराल तर, सातआठ वर्षांपर्यंत थांबा. मी स्वतः शिकवण्या घ्यायचे, त्यामुळे हे माझ्या पोटावर पाय देऊन सांगते आहे. अगदीच राहवत नसेल तर जपानच्या शिनिची सुझुकींची युक्ती करा. ते अगदी लहान मुलांना व्हायोलिन शिकवत, पण मुलाच्या हाती वाद्य देण्याआधी आईला शिकायला लावत. आई घरी वाजवायला लागली की मूल आपणहून मागायचं. म्हणजे क्लासला जायचं ते तुम्ही. इथे एका आईनं मला विचारलं होतं, "आणि बाबांनी?" बाबांनीही.

पण क्लास राहू दे. मला तुमच्याकडून हवं आहे ते फार साधं आहे. रात्री झोपवताना फोन बाजूला ठेवा आणि तुमच्या तोंडानं काहीतरी म्हणा. यूट्यूबवरची बाई तुमच्यापेक्षा सुरेल आहे, मान्य. पण तुमच्या छातीवर डोकं ठेवल्यावर आवाज कानाला येतो तसा हाडांतूनही येतो, तिचा येत नाही. मूल मध्येच "परत" म्हणालं तर तुम्ही परत म्हणता, पेंगलं तर हळू होता. ती काही थांबत नाही, जाहिरात लावते.

"पण मला येतच नाही गायला" हे मी किमान चाळीस पालकांकडून ऐकलं आहे. परवा एक बाबा म्हणाले, "मी गायला लागलो की घरातले हसतात." मी विचारलं, "मूल हसतं का?" ते जरा थांबले. "नाही. ते बघत बसतं."

गेल्या वर्षी मी पालकांना घरचं एक गाणं घेऊन यायला सांगितलं होतं. बऱ्याच जणांनी सिनेमातली आणली, काहींनी भोंडल्याची. एक आई कन्नड बोलणारी. मराठी बालवाडीत आपलं कसं चालेल म्हणून दाराशीच घुटमळत होती. तिनं अंगाई म्हटली. शब्द कुणाला कळले नाहीत, पण 'जो जो' आल्याबरोबर मुलं चमकली. आपल्या पाळण्यात जे म्हणतात तेच कानडीतही म्हणतात. त्या दिवसापासून तिचा लेक, जो जूनपासून घुम्यासारखा बसायचा, वर्गात बोलायला लागला. पहिलं वाक्य कानडीत बोलला. चाललं आम्हाला.

आणि एक आजोबा आले होते, मार्केट यार्डात आयुष्यभर मापाडी होते. म्हणाले, "आम्हाला कुठलं गाणं, ताई." मग जरा वेळानं म्हणाले, "मोजताना म्हणायचो ते म्हणू का?" पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, आणि तो 'लाभ' असा लांबवत न्यायचे की दुसरं माप भरेपर्यंत तो पुरायचा. मग दोन, मग तीन, प्रत्येक आकडा हेल काढून. मुलांनी त्यांच्यामागून वीसपर्यंत मोजलं. त्या आठवड्यात घरी तुमची मुलं पोळ्या 'लाभ' पासून मोजत होती, अशा तक्रारी मला आल्या होत्या. ते आजोबा यंदाही येणार आहेत, पायली घेऊन.

येत्या शनिवारी सकाळी साडेनऊला या. आई, बाबा, आजी, आजोबा, जो घरी असेल तो. सतरंजीवर बसायचं आहे, त्या बेतानं कपडे घाला. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या आहेत. गाणं पाठ करून येऊ नका, फोनवर शब्द बघून म्हणायचं नाही. अर्धं आठवत असेल तर अर्धंच म्हणा. व्हिडिओ काढायला मी एकाला सांगितलं आहे, बाकीच्यांचे हात टाळ्यांना मोकळे हवेत.

शेवटी आपलं नेहमीचं गाणं सगळे मिळून म्हणू. माझं बोट पांढऱ्या सहावर गेलं की मुलं ओरडतील, तेव्हा दचकू नका. तुम्ही त्यांच्यामागून अर्ध्या मात्रेनं आलात तरी चालेल.